दोन पत्रकांचे नाते

वाशिमहून पुसदच्या रस्त्याला लागले की अनसिंग येते. दिवाळीच्या सुमाराला या बाजूने गेलात तर सोयाबीनची वावरे मोकळी झालेली दिसतात. तुरी मात्र अजून उभ्या असतात. माल घरात आलेला असतो, नाही तर विकून त्याची पट्टी खिशात असते. अशा वेळी ओट्यावर चार माणसे बसली की एक प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. "तुला एकरी झडती किती आली?" शेजाऱ्याला आठ क्विंटल आणि आपल्याला पाच! बी एकाच दुकानातले, पाऊस एकाच ढगातला, बांधाला बांध लागलेला. मग हा तीन क्विंटलांचा फरक आला कुठून?

आता या प्रश्नाचे उत्तर शोधायला हाताशी कागद नाहीत असे नाही. २०१५ साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. माती तपासून दिलेल्या त्या पत्रिकेवर बारा आकडे असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. हे झाले मातीचे पत्रक. दुसरे पत्रक पिकाचे. समजा, एखाद्या अभ्यासकाने प्रत्येक वावरातून चार गोष्टी टिपून घेतल्या : झाडाची उंची, एका झाडाच्या शेंगा, शंभर दाण्यांचे वजन आणि एकरी उतारा. एकाच वावराची ही दोन पत्रके. एक मातीचे बोलते, दुसरे पिकाचे. या दोघांचे एकमेकांशी काही नाते आहे काय, आणि असल्यास कसले, हा आजच्या आपल्या बोलण्याचा विषय आहे. विषय आकडेशास्त्राचा आहे खरा, पण घाबरून जाऊ नका. बाजारातल्या काट्यावर उभे राहणाऱ्या माणसाला तो समजण्यासारखा आहे. आणि समजून घेतला नाही तर नुकसानही त्याच माणसाचे आहे.

सर्वांत सोपी रीत म्हणजे एकेक आकडा घेऊन त्याची जोडी लावून पाहणे. जस्ताची शेंगांशी, कर्बाची उताऱ्याशी, सामूची उंचीशी. पण बारा गुणिले चार म्हणजे अठ्ठेचाळीस जोड्या झाल्या. विसात एखादी जोडी निव्वळ योगायोगाने जुळलेली दिसावी इतकी सैल कसोटी लावली, तर काहीही नाते नसताना अठ्ठेचाळिसांत दोन-तीन जोड्या आपल्याला फसवणारच. शिवाय माती काही एकेक आकड्याने पीक पिकवीत नाही. सारे मिळून काम करतात.

ही अडचण ओळखून हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन आकडेशास्त्रज्ञाने १९३६ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात एक रीत मांडली. तिचे नाव 'कॅनॉनिकल कोरिलेशन'. आपण सोयीसाठी तिला संच-सहसंबंध म्हणू. रीत अशी. पहिल्या पत्रकातल्या प्रत्येक आकड्याला एक भार द्यायचा, कोणाला जास्त, कोणाला कमी, कोणाला उणे सुद्धा; आणि त्या साऱ्यांची एक गोळाबेरीज करायची. दुसऱ्या पत्रकाचेही तसेच. मग भार असे निवडायचे की या दोन गोळाबेरजांचा परस्परसंबंध जास्तीत जास्त यावा. ही पहिली जोडी. तिच्यात जे आले ते वगळून पुन्हा तसेच केले की दुसरी जोडी मिळते, मग तिसरी. लहान पत्रकात जितके आकडे तितक्या जोड्या. आपल्या उदाहरणात चार.

शेतीशी लागून असलेल्या मालावर ही रीत लवकरच चालविली गेली. १९४२ साली फ्रेडरिक वॉ यांनी कॅनडाच्या गव्हाचे १३८ नमुने घेतले. गव्हाचे पाच गुण एका बाजूला आणि त्याच गव्हाच्या पिठाचे चार गुण दुसऱ्या बाजूला मांडून त्यांनी या दोन संचांचे नाते काढले. पुढे मानसशास्त्र, वैद्यक, वनस्पतिशास्त्र, हवामान, जिथे जिथे एकाच वस्तूची दोन पत्रके असतात तिथे तिथे ही रीत पोचली. आज तर संगणकाला दोन तक्ते दिले की क्षणात उत्तर मिळते. उत्तर मिळणे इतके सोपे झाले म्हणूनच ते वाचायचे कसे, हे सांगण्याची गरज वाढली आहे.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. ही रीत म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ आहे. मध्यस्थ दोन्ही घरांचे चांगले तेवढे पुढे करतो. मुलाची नोकरी सांगतो, मुलीचे शिक्षण सांगतो. उधारी आणि भाऊबंदकी सांगत नाही. तो खोटे बोलतो असे नव्हे, पण निवडून बोलतो. संच-सहसंबंधाचे कामच मुळी सर्वांत जास्त जुळणी शोधून काढण्याचे. तेव्हा येणारा आकडा एकेका जोडीच्या कोणत्याही सहसंबंधाहून मोठा किंवा निदान तेवढा असणारच. 'संबंध ०.९ आला' एवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत. आधी विचारावे, वावरे किती होती?

हे विचारणे का महत्त्वाचे ते पहा. मातीचे बारा आणि पिकाचे चार, मिळून सोळा आकडे. आता अनसिंगच्या शिवारातली फक्त सोळा वावरे निवडून ही रीत चालविली, तर पहिला सहसंबंध किती येईल? बरोबर १. पूर्ण, निखळ एक! आणि गंमत अशी की मातीचे आकडे खरे मोजलेले नसले, चिठ्ठ्या टोपीत घालून काढलेले असले, तरीही एकच येईल. सोळा वावरांवर सोळा आकडे आले की भार कसेही फिरवून दोन बेरजा तंतोतंत जुळविता येतात, हा गणिताचा नियमच आहे. वावरे वीस-पंचवीस केली तरी आकडा फुगलेलाच राहतो. म्हणून वावरे आकड्यांच्या कित्येक पटींनी असावी लागतात. त्याहून चांगली परीक्षा अशी : निम्म्या वावरांवरून भार ठरवावेत आणि बाजूला ठेवलेल्या निम्म्यांवर ते लावून पाहावेत. तिथेही नाते टिकले तर खरे. एका खरिपाचे भार दुसऱ्या खरिपाला लावून पाहिले तर आणखी खरे. कारण पाऊस दोन वर्षे सारखा पडत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट, आणि इथेच शिकलेली माणसेही घसरतात. संगणक प्रत्येक आकड्याचा भार छापून देतो. पाहणारा काय करतो? ज्याचा भार मोठा तो महत्त्वाचा, ज्याचा भार लहान तो बिनकामाचा, ज्याचा उणे तो नुकसानीचा, असा सरळ अर्थ लावून मोकळा होतो. हा अर्थ पुष्कळदा चुकतो. कसा चुकतो हे दाखवायला मी हॉटेलिंगने स्वतः घेतलेलेच उदाहरण घेतो.

ट्रुमन केली या मानसशास्त्रज्ञाने सातव्या इयत्तेतल्या १४० मुलांच्या चार परीक्षा घेतल्या होत्या. वाचनाचा वेग आणि वाचनाचे सामर्थ्य, म्हणजे वाचलेले किती समजते ते. तसेच गणिताचा वेग आणि गणिताचे सामर्थ्य. वाचन हे एक पत्रक, गणित हे दुसरे. या दोन पत्रकांमधल्या सुट्या चार जोड्यांत सर्वांत मोठा सहसंबंध होता वेगाचा वेगाशी, ०.२४. बाकीचे शून्याच्या आसपास. संच-सहसंबंधाने भार लावले तेव्हा पहिला आकडा आला ०.३९ आणि दुसरा ०.०७. दुसऱ्यात काही दम नाही. १४० मुलांत एवढे योगायोगानेही येते. तो सोडून देऊ. पहिल्याचे भार पहा. वाचनाचा वेग, अधिक १.२६. वाचनाचे सामर्थ्य, उणे १.०३. गणिताचा वेग, अधिक १.१०. गणिताचे सामर्थ्य, उणे ०.४५.

भार वाचणारा म्हणेल, 'पहा, सामर्थ्य वेगाच्या आड येते! ज्याला गणित चांगले कळते त्याची गाडी मागे ओढली जाते.' आता भार बाजूला ठेवा आणि वेगळा प्रश्न विचारा. गणिताच्या सामर्थ्याचे त्या गणिताच्या गोळाबेरजेशी प्रत्यक्ष नाते किती? केलीच्या आकड्यांवरून हिशेब केला तर येते ०.०२. म्हणजे जवळजवळ शून्य! गणिताच्या वेगाचे नाते मात्र ०.९१. याचा अर्थ ती गोळाबेरीज म्हणजे जवळजवळ निव्वळ गणिताचा वेग आहे. सामर्थ्याचा तिच्याशी संबंध नाही, तरी त्याला उणे ०.४५ असा चांगला ठसठशीत भार मिळाला आहे. वाचनाच्या बाजूलाही तसेच. सामर्थ्याचा भार वेगाच्या तोडीचा, पण प्रत्यक्ष नाते फक्त उणे ०.२३, वेगाचे ०.६१.

हे कोडे बाजार समितीच्या काट्यावर सुटते. तुम्ही कट्टे काट्यावर ठेवता तेव्हा काटा माल आणि बारदाना मिळून वजन दाखवितो. मग बारदान्याचे वजन वजा करतात. त्या हिशेबात बारदान्याचा भार आहे उणे एक. म्हणून कोणी असे म्हणेल काय, की जाड पोत्यामुळे सोयाबीन कमी पिकते? पोत्याचा पिकाशी काडीचाही संबंध नाही. पण एकूण वजनात ते मिसळलेले आहे, म्हणून निव्वळ माल काढायला ते वजा करावे लागते. केलीच्या मुलांत सामर्थ्य हा असाच बारदाना आहे. वेगाच्या परीक्षेत थोडे सामर्थ्य मिसळलेले असते. ते वजा केले की निव्वळ वेग उरतो, आणि निव्वळ वेग निव्वळ वेगाशी अधिक चांगला जुळतो. खरा अर्थ एवढाच : समजण्याच्या मानाने जो भरभर वाचतो, तो गणितेही भरभर करतो. सामर्थ्य आड येते असे त्यात कुठेही नाही.

हाच घोटाळा उलट्या बाजूनेही होतो. मातीच्या पत्रिकेकडे परत या. सेंद्रिय कर्ब आणि नत्र हे दोन आकडे बहुधा हातात हात घालून चालतात; पुष्कळ ठिकाणी नत्राचा अंदाज कर्बावरूनच बांधतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू चढला की पिकाला मिळणारे जस्त उतरते. म्हणजे सामू आणि जस्त हेही एकमेकांना बांधलेले. अशा जोडीपैकी एकाला रीतीने सारा भार दिला की दुसऱ्याच्या वाट्याला जवळजवळ शून्य येतो. दोन बैलांनी मिळून ओढलेल्या गाडीचे सारे भाडे एकाच्या नावावर लिहावे तसे. पुढच्या वर्षी चार वावरे इकडची तिकडे केली की सारा भार दुसऱ्याच्या नावावर जातो. आता समजा, एखाद्या अहवालात जस्ताचा भार शून्याजवळ आला, आणि कोणी सल्ला दिला की 'जस्ताची गरज नाही, झिंक सल्फेटचा खर्च वाचवा.' ज्या वावराला खरोखर जस्त कमी पडते आहे त्याच्या मालकाने काय करायचे? किंवा उलट, बारदान्यासारख्या एखाद्या आकड्याला मोठा भार मिळाला आणि त्यासाठी पोतीच्या पोती विकत घ्यायला सांगितली तर? कागदावरची चूक कागदावर राहत नाही. ती पेरणीच्या दिवसांत उसनवारीच्या पैशाने विकत घेतली जाते.

म्हणून रीत अशी ठेवावी. भारांचा रकाना आणि प्रत्यक्ष नात्यांचा रकाना दोन्ही शेजारी शेजारी मांडावेत. दोन्ही एक बोलत असतील तर निश्चिंत असावे. भार मोठा आणि नाते लहान असेल तर बारदाना समजावा. नाते मोठे आणि भार लहान असेल तर त्याचा जोडीदार कोण ते शोधावे. आणि दोन्ही पत्रकांच्या साऱ्या खुणा एकदम उलट केल्या, अधिकचे उणे आणि उण्याचे अधिक, तरी उत्तर तेच राहते. तेव्हा नुसत्या एका उणे चिन्हाला भिऊ नये.

तिसरी गोष्ट वाट्याची. केलीच्या मुलांतला पहिला सहसंबंध ०.३९. त्याचा वर्ग केला तर ०.१६ येतो. म्हणून काही जण लिहितात, वाचनावरून गणितातला सोळा टक्के फरक उलगडला. हेही बरोबर नाही. सोळा टक्के हे दोन गोळाबेरजांमधले आहेत, आणि गोळाबेरीज म्हणजे सारे गणित नव्हे. गणिताच्या दोन परीक्षांत मिळून मुलांमुलांत जो फरक आहे, त्यातला सुमारे ४२ टक्केच त्या गोळाबेरजेत उतरला आहे. त्या बेचाळिसांतले सोळा टक्के काढले म्हणजे उरतात साडेसहा टक्के. वाचनाच्या बाजूने पाहिले तर जेमतेम सव्वातीन टक्के. हा वाटा काढण्याची पद्धत स्टुअर्ट आणि लव्ह यांनी १९६८ साली मांडली. ०.३९ ऐकताना कान टवकारतात. साडेसहा टक्के ऐकले की माणूस जमिनीवर येतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण सल्ला घेणाऱ्याला दुसरा आकडा आधी कळला पाहिजे.

चौथी गोष्ट जुनीच आहे, पण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नाते म्हणजे कारण नव्हे. समजा, सारी परीक्षा नीट झाली. वावरे भरपूर, नाते दोन हंगाम टिकलेले, भार आणि नाते एकमुखी. निष्कर्ष निघाला की ज्या मातीत कर्ब जास्त तिथे शेंगा जास्त. मग कर्बानेच शेंगा वाढविल्या काय? असेलही. पण असेही असेल की ज्याच्या गोठ्यात चार जनावरे आहेत त्याच्या वावरात शेणखत पडते, म्हणून कर्ब जास्त. आणि त्याच्याच घरी बैलजोडी आहे, म्हणून वाफसा साधून त्याची पेरणी वेळेवर होते आणि डवरणीही वेळेवर होते, म्हणून शेंगा जास्त. दोन्ही पत्रकांच्या मागे गोठा उभा आहे, आणि गोठ्याचा आकडा दोन्ही पत्रकांत नाही. जे मोजलेच नाही त्याला कोणतीही रीत भार देऊ शकत नाही.

मग खरे कारण कळायचे कसे? त्याला प्रयोगाचीच वाट आहे. आपल्याच मातीतले दोन आकडेशास्त्रज्ञ, डॉ. पानसे आणि डॉ. सुखात्मे यांनी शेतीच्या कामकऱ्यांसाठी आकडेशास्त्राचे एक पुस्तक लिहिले. ते १९५४ साली निघाले आणि पुढे कृषी महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या वाचले गेले. त्यातली मुख्य शिकवण शेतकऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगायची तर अशी : वावराचे सारखे पट्टे पाडा, कोणत्या पट्ट्याला जस्त द्यायचे आणि कोणत्याला नाही हे आपल्या मनाने न ठरविता चिठ्ठी टाकून ठरवा, असे एकदा न करता पुनःपुन्हा करा, आणि मग पट्टे वेगवेगळे तोला. चिठ्ठीला गोठा कळत नाही आणि बांधही कळत नाही. म्हणून तिने दिलेला कौल शुद्ध असतो. १९६९ साली अकोल्याला स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्था असे प्रयोग करतात, ते याच कारणाने.

मग संच-सहसंबंधाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उपयोग आहे, आणि मोठा आहे. अठ्ठेचाळीस जोड्यांच्या रानात कोणत्या बाजूला वाट असावी हे तो दाखवितो. कोणत्या दोन-तीन गोष्टींवर प्रयोग करावा हे सुचवितो. जमिनीत पाणी कुठे असेल हे सांगणारा जाणकार असतो तसा तो आहे. त्याने जागा दाखविली म्हणून कोणी त्या जागेवर पाण्याचे पैसे वाटत नाही. आधी विहीर खणून पाहतो.

तेव्हा पुढच्या हंगामाआधी कोणी तुमच्या ओट्यावर येऊन 'अमुक अभ्यासात माती आणि पिकाचा संबंध ०.९ आला, तेव्हा हे खत घ्या' असे म्हणाला, तर त्याचा अपमान करू नका. त्याला चहा द्या आणि चार प्रश्न विचारा. वावरे किती होती, आणि दुसऱ्या वावरांवर हे टिकले काय? हा भार आहे की प्रत्यक्ष नाते? साऱ्या उताऱ्यातला वाटा किती? आणि पट्टे पाडून कोणी तोलून पाहिले काय? चारही उत्तरे नीट मिळाली तर त्याचे ऐका. न मिळाली तर आपल्याच वावरात दोन पट्टे पाडा, चिठ्ठी टाका आणि दिवाळीपर्यंत थांबा. शेजाऱ्याचे आठ आणि आपले पाच, यांतल्या तीन क्विंटलांचे कोडे त्याने एका वर्षात सुटेल असे नाही. पण चुकीच्या पोत्यावर तुमचा पैसा तरी जाणार नाही.